सातेरी प्रोपोलिस गोळाच करत नाही

‘देशी मधमाश्यांच्या प्रोपोलिसचा अर्क काळा आजारावर रामबाण ठरू शकतो’ हे एका लेखातलं वाक्य खटकलं. काळा आजार वाळूमाशीच्या चाव्यातून पसरतो; प्रोपोलिस म्हणजे मधमाश्या पोळ्याच्या फटी बुजवायला वापरतात तो चिकट पदार्थ. कोणत्या देशी माश्या? आमच्या मधमाश्यांच्या पेट्या निफाड-चांदवडकडे कांदा बियाण्याच्या प्लॉटवर जातात. सातेरी ही आपली देशी माशी, तिच्या पेटीत प्रोपोलिस जवळजवळ नसतंच. फ्रेमा अशा चिकटवते की पटाशीनेच उचकटाव्या लागतात, ती मेलिफेरा, म्हणजे युरोपीय मधमाशी. आणि ती बाहेरून आलेली. शिवाय प्रोपोलिस मुख्यतः माशीचं नाही, झाडांचा चीक; त्यात माशी आपलं मेण मिसळते. युरोपात ते मुख्यतः पॉप्लरच्या कळ्यांवरून येतं, ब्राझीलचं हिरवं प्रोपोलिस वेगळ्याच झुडपाचं. मग तिकडच्या अर्काचे गुण नाशिकच्या अर्काला परस्पर कसे चिकटवता?

दुसरं, लेखातल्या प्रयोगात मेलेला लेशमॅनिया, म्हणजे काळा आजाराचा परजीवी, शेपटीवाला, मोकळा पोहणारा आहे. तो असतो वाळूमाशीच्या पोटात. रुग्णात हा परजीवी शेपटी आखडून आपल्याच पांढऱ्या पेशींच्या आत बसतो. पेशी न मारता आतला परजीवी मारता आला तर औषध म्हणायचं. आणि प्रोपोलिस सहसा अल्कोहोलमध्ये विरघळवतात, तेव्हा नुसतं अल्कोहोल घालून तुलना केली होती का? लेखात एक शब्द नाही. भारतात आज काळा आजारावर लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन बी हे औषध शिरेतून एकाच डोसमध्ये देतात, याचाही उल्लेख नाही (तो आधी हवा होता!). संशोधन जरूर व्हावं. पण लेख व्हॉट्सॲपवर फिरतोय आणि मला प्रोपोलिस मागणारे फोन येतायत. औषध म्हणून मी ते कुणालाही देणार नाही.