तळेगावचे साहेब, जॉर्जियाचे साहेब

घरच्या ग्रुपवर आठवडाभर एकच विषय चाललाय: तळेगावच्या ह्युंदाईत वरचे साहेब कोरियनच का? आतेभावाने निकालही देऊन टाकला. "अमेरिकेने जॉर्जियात कोरियन कसे धरून परत पाठवले! आपणही तसंच करायला हवं. कारखान्यात 80 टक्के स्थानिक म्हणजे साहेबसुद्धा स्थानिक."

जॉर्जियात मी राहतो. धरलं कोणाला, ते तरी बघा. 4 सप्टेंबर 2025 ला इथल्या एलाबेल गावात ह्युंदाई-एलजीच्या बॅटरी कारखान्यात 475 जण पकडले, त्यात तीनशेहून जास्त कोरियन. यंत्रं बसवायला आलेले तंत्रज्ञ, कंत्राटदारांची माणसं. कुणी बी-1 वर, म्हणजे कामानिमित्त भेटीच्या व्हिसावर, कुणी ईस्टावर, म्हणजे विनाव्हिसा छोट्या भेटीच्या परवानगीवर.

साहेबांसाठी कायद्यात वेगळं दार आहे, ईबी-1सी: कंपनीच्या परदेशी शाखेतल्या व्यवस्थापकांना ग्रीन कार्ड देणारा वर्ग. मागच्या तीन वर्षांत किमान एक वर्ष बाहेरच्या शाखेत व्यवस्थापक असायला हवं आणि इथली कंपनी वर्षभर चालू असायला हवी. स्थानिक माणूस मिळत नाही हे सिद्ध करायची अटच नाही. म्हणजे ज्या अमेरिकेचा दाखला आतेभाऊ देतोय, ती साहेब घेताना भूमिपुत्राचं नावही काढत नाही. इथल्या डुलूथ गावात प्लेझंट हिल रोडवर ओळीने कोरियन पाट्या आहेत, कुणी त्यांना काळं फासत नाही. आणि तळेगावच्या कोरियन साहेबाला आपण देतो काय? नोकरीचा व्हिसा, तोही ठरावीक पगाराच्या वर असेल तर, मग मुदतवाढ, मग सोलचं विमान. तो काही मावळात सातबारा करून घ्यायला आलेला नाही.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. पुढचं लिहिलं नाही.

मीही साहेब म्हणूनच आलोय, चाकणहून, एल-1ए वर, म्हणजे कंपनीने इकडे बदली केलेल्या व्यवस्थापकाच्या तात्पुरत्या व्हिसावर. शेजारच्या टेबलावरचा कोरियन मॅनेजर माझ्यानंतर आला, त्याच ईबी-1सी मधून अर्ज केला आणि ग्रीन कार्ड घेऊन मोकळा झाला. कोरियात जन्मलेल्यांना रांग नाही. भारतात जन्मलेल्यांची तारीख, म्हणजे ज्या दिवसापर्यंतच्या अर्जांचा नंबर लागलाय तो दिवस, काही वर्षं मागे रखडलेली, कारण कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांहून जास्त नाही. वर कोरियनांना 1957 च्या करारामुळे ई-2 या गुंतवणूकदारांच्या व्हिसाची पळवाटही आहे, आपल्याला तीही नाही. हुद्दा तोच, काम तेच. त्याच्या पार्टीत मी हसून टाळ्या वाजवल्या आणि घरी येऊन बायकोवर चिडलो.

एलाबेलची बातमी आली तेव्हा मनात पहिलं काय आलं, तेही सांगतो: बरं झालं, आपल्यातलं कोणी नाही. आतेभाऊ निदान मोठ्याने तरी बोलतो.

एल-1ए सात वर्षांचा, पुढे वाढत नाही. तोवर तारीख आली नाही तर सामान बांधायचं. मुलगा 21 चा झाला की तो माझ्या अर्जातून बाहेर पडू शकतो, त्याचं वेगळंच लचांड. मग तळेगावलाच अर्ज करेन म्हणतो. मुलाखतीला समोर कोरियन साहेब असला तरी चालेल, पण आतेभाऊ मला त्या 80 टक्क्यांत धरणार का, हे आधी विचारून ठेवायला हवं.