तळघराची ओल आतून दाबता येत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार. जुन्या वाड्यातलं तळघर राहतं कसं करावं, या माझ्या लेखावर तुम्ही दर्यापूरकडून मोकळेपणानं लिहिलंत, बरं वाटलं. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: तळघर ही पोती ठेवायची जागा, तिथं म्हाताऱ्या माणसांना झोपवू नये, चुन्याचे एवढे लाड कशाला, वॉटरप्रूफ सिमेंटचा गिलावा मारला की झालं, आणि तेवढ्या पैशात वरच्या खोलीत एसी बसतो. शिवाय खिडक्या दिवसभर उघड्या ठेवूनही तुमच्या तळघराच्या भिंती श्रावणात ओल्याच असतात, असंही तुम्ही लिहिलंय.

एसीचं आधी उरकतो. खेड्यात मे महिन्याच्या दुपारी व्होल्टेज किती राहतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. जमिनीत खोल गेलं की तापमान वर्षाच्या सरासरीजवळ थांबतं, आपल्याकडे ते साधारण २७ अंश. आठ-नऊ फुटांवर तेवढी स्थिरता मिळत नाही. तरी बाहेर पारा ४५ वर असताना खाली नुसत्या पंख्यावर डोळा लागतो.

आता सिमेंट. इथं मी तुमच्याशी अजिबात सहमत नाही. काळी माती उन्हाळ्यात आकसते आणि भेगाळते. भिंतीला लागून पडलेल्या भेगेतून पहिल्या पावसाचं पाणी थेट पायाशी उतरतं. मग माती फुगते, भिंतीला रेटा देते आणि ते पाणी कितीतरी दिवस धरून ठेवते. दगडाच्या सांध्यांत मुरलेली ही ओल आतल्या बाजूनं वाळत असते. तिथं सिमेंटचा थर दिला तर पाणी नाहीसं होत नाही, वाट शोधत वर चढतं आणि लाकडी तुळयांच्या टोकांपर्यंत पोचतं. तुळईचं भिंतीत गेलेलं टोक आतल्या आत कुजतं, वरून काही दिसत नाही. पुढे गिलाव्याचे पोपडे पडतात, तो भाग त्यामानानं किरकोळ. चुना ओल बाहेर पडू देतो, म्हणून मी त्याच्या बाजूचा आहे. पण पाणी अडवायचं काम चुनाही करत नाही. ते काम बाहेरच व्हायला हवं.

बाहेर म्हणजे आधी पन्हाळीचं आणि न्हाणीचं पाणी भिंतीपासून लांब न्या. न्हाणीची फुटकी नाली दुरुस्त केल्याशिवाय आत एक रुपयासुद्धा घालू नका. त्यानंतर भिंतीलगतची काळी काढून मुरूम भरायचा. खोदकाम चार-पाच फुटांच्या तुकड्यांत करायचं आणि पायाच्या खाली जायचं नाही, अख्खी भिंत एकदम उघडी केली तर ती बाहेर कलू शकते. बरेच गवंडी नुसता मुरूम भरून मोकळे होतात, आणि भिंतीशेजारी पाण्याची टाकीच तयार होते. तळाशी छिद्रांचा पाइप हवा, आणि त्याचं तोंड जमिनीच्या उतारावर, भिंतीपासून दूर उघडं निघालं पाहिजे. गावठाण सपाट असेल, पाणी काढायला उतारच नसेल, तर हा खटाटोप करू नये. वरून घराबाहेर उतार देऊन फरशी बसवली की भेगेतून पाणी शिरणं थांबतं.

श्रावणातली ओल मात्र वेगळी. बाहेरची दमट हवा थंड भिंतीला लागली की भिंतीला घाम सुटतो, म्हणून खिडक्या उघड्या ठेवल्यानं ती वाढते. उन्हाळ्यात दिवसा बंद, रात्री उघडं, हा क्रम ठेवा. कूलर खाली नेऊ नका, त्याची सगळी वाफ भिंतींत जाते. आणि मृग लागला की अंथरूण वर आणा. ही खोली उन्हाळ्याची आहे, बारमाही नाही.

माणसांच्या जिवाबद्दल तुम्ही लिहिलंत, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. धान्यात घालायच्या गोळ्यांचा विषारी वायू हवेपेक्षा जड असतो, सिलिंडरचा गॅसही जड. दोन्ही खाली उतरून साचतात. म्हणून गोळ्या टाकलेलं धान्य आणि झोपायची जागा एका घरात नकोच, मग धान्य वरच्या मजल्यावर का असेना. सिलिंडर जिन्याच्या तोंडाशी ठेवू नये. जनरेटर किंवा शेगडी तळघरात कधीच नाही. हवेसाठी समोरासमोर दोन झरोके हवेत, एक खाली, एक वर. जिन्याशिवाय बाहेर पडायला दुसरी वाट हवी. ती करता येत नसेल तर तिथं पोतीच ठेवा, मी तुमच्याच बाजूनं बोलेन.

एक गोष्ट तुमच्या भागापुरती. खारपाणपट्ट्यात, म्हणजे जिथं जमिनीतलं पाणी खारं असतं तिथं, भिंतीतलं पाणी वाळताना क्षार मागे ठेवतं, लोणा फुटतो, आणि चुन्याचा गिलावाही भुगा होऊन पडतो. तो पुन्हा पुन्हा करावा लागेल. पाइप घालूनही मातीतले क्षार जात नाहीत. म्हणून तुमच्याकडच्या तळघरात राहायची सोय करावी, असा सल्ला मी देणार नाही. माझा लेख वर्धा-आर्वीकडच्या घरांना धरून होता.

तरी तुमच्या भिंतीत नेमकं काय चाललंय ते कळावं, म्हणून एवढं करून बघा: प्लॅस्टिकचा हातभर चौकोनी तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीवर बसवा आणि दोन दिवसांनी पाहा. पाणी प्लॅस्टिकच्या मागे असेल तर ते मातीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला असेल तर हवेतलं आहे, आणि त्याला खिडकी बंद ठेवणं एवढाच खर्च आहे.