रेम्ब्राँ तेव्हा भिकेला लागला नव्हता

सतराव्या शतकातला डच चित्रकार रेम्ब्राँ याचं एक चित्र सध्या सगळीकडे फिरतंय. उंचवट्यावर बसलेला भिकारी, अंगावर चिंध्या, तोंड वासलेलं, हात पुढे. खाली मजकूर: 'दिवाळं निघाल्यावर रेम्ब्राँने स्वतःला असं काढलं. भिकाऱ्यांची ही जुनी एचिंग्ज म्हणजे त्या काळच्या युरोपचे फोटोच, गरिबांच्या कळवळ्यातून काढलेले.' (एचिंग म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेषा कोरून कागदावर छापलेलं चित्र.)

दिवाळ्याचं आधी, कारण ते लगेच निकालात निघतं. चित्रावरच साल आहे: १६३०. रेम्ब्राँ तेव्हा लायडनमध्ये होता, पंचविशीसुद्धा गाठली नव्हती. दिवाळं निघालं १६५६ मध्ये, आम्स्टरडॅमला. चेहरा त्याचाच, हे मात्र खरं. त्या दिवसांत तो आरशासमोर बसून हसरा, दचकलेला, रागावलेला असा स्वतःलाच रेखाटत होता. फुकटचा मॉडेल! त्यातलंच एक तोंड भिकाऱ्याला बसवलं.

आता 'फोटो'. या चित्रांचा मोठा उगम म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या नान्सीचा चित्रकार जाक कालो. त्याने १६२२-२३च्या सुमारास भिकाऱ्यांची २५ एचिंग्ज केली. आंधळा आणि त्याचा कुत्रा, कुबड्यांवरचा माणूस, तीन पोरांची आई. मागे जवळजवळ कोरा कागद. चर्चची पायरी नाही, गल्ली नाही, भीक घालणारा तर नाहीच. मुखपृष्ठावर चिंध्यांतला म्होरक्या निशाण घेऊन उभा, त्यावर इटालियनमध्ये लिहिलंय 'कापितानो दे बारोनी', म्हणजे टग्यांचा सरदार. फोटो असा डोळा मारत नाही. पुढे या संचाच्या नकला निघाल्या. पत्र्यावर कोरलेलं कागदावर उलटं उमटतं, त्यामुळे जशीच्या तशी नक्कल कोरली की डाव्या हातातली काठी उजव्या हातात जाते. तरुण रेम्ब्राँचे भिकारीसुद्धा कालोची चित्रं बघूनच घडलेत.

कळवळ्याचं थोडं अवघड आहे. ही चित्रं विकत घेणारा भिकारी नव्हता, आणि घेणाऱ्याच्या डोक्यात संशय आधीच भरलेला होता. १५१०च्या आसपास जर्मनीत ढोंगी भिकाऱ्यांच्या युक्त्यांची यादी देणारं पुस्तक निघालं. १५२८च्या आवृत्तीला प्रस्तावना खुद्द धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरची: आपल्या गावचे, ओळखीचे गरीब सांभाळा, भटक्यांना देऊ नका. न्यूरेंबर्ग शहराने १५२२ मध्ये, आजच्या बेल्जियममधल्या ईपरने १५२५ मध्ये भिकेवर निर्बंध घालून गावातल्या गरजूंची सोय नगराकडे घेतली. अशा गिऱ्हाईकाला कालोचा सरदार गमतीचाच वाटला असणार.

पण कळवळा नव्हताच, असंही नाही. याच कालोच्या १६३३च्या युद्धाच्या १८ चित्रांत लूटमार करणारे सैनिक शेवटी रस्त्याकडेला भीक मागत मरताना दिसतात. इथे कोरा कागद नाही. माणूस भिकेला का लागला, ते आधीच्या चित्रांत आहे.

आणि रेम्ब्राँचाच कळवळा पुढे पाठवायचा असेल, तर १६४८चं एचिंग पाठवा. घराच्या दारात एक म्हातारा, समोर पाठुंगळी बाळ घेतलेली बाई, आणि तिच्या पसरलेल्या हातावर तो नाणं ठेवतोय.