काठोकाठ भरलेला काँक्रीटचा ड्रम आणि मिनी ट्रॅक्टर

द्राक्ष-डाळिंबाच्या बागांतल्या मिनी ट्रॅक्टरला पुढे छोटा लोडर (खत-माती उचलणारी बकेट) बसवायची पद्धत वाढली आणि त्यापाठोपाठ एक मेसेज फिरू लागला. त्याचा मजकूर थोडक्यात असा: "लोडर बसवलाय ना? मग मागचं तयार वजन विकत घेऊ नका. २०० लिटरचा जुना ड्रम घ्या, त्यातून आडवी सळई घाला, काठोकाठ काँक्रीट भरा आणि दुसऱ्या दिवशी लिफ्टला (अवजार उचलणाऱ्या मागच्या हायड्रॉलिकला) अडकवा. वजन जेवढं जास्त तेवढा ट्रॅक्टर पक्का. भंगार टाकलंत तर वजन दुप्पट. एवढाही खटाटोप नको असेल तर टायरात पाणी भरा, काम तेच होतं."

लोडरच्या ट्रॅक्टरला मागे वजन लागतं, हे खरं. ते घरी बनवता येतं, हेही खरं. बाकी जवळजवळ प्रत्येक वाक्यात गडबड आहे.

"२०० लिटरचा ड्रम काठोकाठ भरा"

काँक्रीटचं वजन घनमीटरला सुमारे २४०० किलो. म्हणजे २०० लिटरचे ४८० किलो झाले. पत्रा आणि लोखंड धरून ५०० किलो. हे वजन कशाला अडकवणार? ज्या ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन ६५०-८५० किलो आहे, त्याला.

एक नमुना हिशेब करू. ट्रॅक्टर ७०० किलोचा, दोन ॲक्सलमधलं अंतर १.५ मीटर, पुढच्या ॲक्सलवर २८० किलो आणि मागच्यावर ४२०. लोडरचा सांगाडा आणि रिकामी बकेट मिळून २०० किलो, त्याचा भार पुढच्या ॲक्सलच्या ३० सेंमी पुढे. लोडर चढवला की पुढे ५२० आणि मागे ३८० होतात. आता बकेटमध्ये २५० किलो ओलं शेणखत घ्या. बकेट पुढच्या ॲक्सलच्या १.२ मीटर पुढे असते, त्यामुळे पुढचा ॲक्सल तराजूच्या दांडीसारखा वागतो: पुढे ४५० किलो वाढतात, मागचे २०० कमी होतात. पुढे ९७०, मागे १८०. उतारावर ब्रेक मारला की हे १८०सुद्धा पुढे सरकू लागतात, आणि या ट्रॅक्टरांचे ब्रेक मागच्या चाकांना असतात. (म्हणून भरल्या बकेटने उतरताना फोर व्हील लावायचं. मग पुढची चाकंही गिअरमधून अडवली जातात.)

यावर उपाय म्हणून मागच्या ॲक्सलच्या ९० सेंमी मागे २५० किलो टांगले, तर पुढचे १५० कमी होतात आणि मागे ४०० वाढतात. पुढे ८२०, मागे ५८०. एवढं पुरतं.

आता मेसेजमधला ड्रम लावून बघा. ड्रम जाड, म्हणून त्याचा मध्य आणखी मागे, साधारण १ मीटरवर. बकेट रिकामी असताना पुढे उरतात जेमतेम १८७ किलो, मागे जातात १२१३. मागच्या ॲक्सलवर मूळ भाराच्या जवळजवळ तिप्पट. चढावर स्टिअरिंग हलकं पडणार, आणि लोडर काढून ठेवून ड्रम तसाच राहिला तर पुढचा आकडा शून्याखाली जातो. म्हणजे सपाट जमिनीवर उभ्याउभ्या पुढची चाकं उचलली जातात.

हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे वेगळे येतील. ते काढायला वजनकाट्यावर जायचं. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची, लोडर लावून आणि काढून. दोन ॲक्सलमधलं अंतर आणि बकेटच्या मध्यापर्यंतचं अंतर टेपने मोजा. या चार-पाच आकड्यांवर हिशेब पाच मिनिटांत होतो.

"वजन जेवढं जास्त तेवढा ट्रॅक्टर पक्का"

तीन मर्यादा आहेत. सगळ्यात लहान जी असेल ती पाळायची.

पहिली पुढच्या भाराची. रस्त्यावर असो की शेतात, ट्रॅक्टरच्या वजनाच्या निदान २० टक्के भार पुढच्या ॲक्सलवर असायला हवा. नाहीतर चाक वळवलं तरी ट्रॅक्टर सरळच जातो.

दुसरी लिफ्टची. मॅन्युअलमध्ये ७५० किलोसारखा आकडा असतो तो खालच्या आर्मच्या, म्हणजे अवजार अडकवायच्या दोन दांड्यांच्या टोकाला उचलायचा असतो. भार त्या टोकापासून मागे सरकला की तो आकडा कमी होतो. शिवाय तो उभ्या ट्रॅक्टरचा आहे. बांधावरून उतरताना वजन हिसका देतं, तो सगळा हिसका लिफ्टच्या शाफ्टवर आणि सिलिंडरवर येतो. क्षमतेच्या निम्म्याच्या आत राहिलेलं बरं.

तिसरी मागच्या टायरची. टायरच्या बाजूवर लिहिलेला भार आणि हवा वाचा. या वजनाला तुमची हवा कमी असेल तर टायरची भिंत दुमडून चिरते.

आणखी एक गैरसमज यातच मिसळलेला असतो: मागे वजन वाढवलं की लोडर जास्त उचलेल. लोडरची ताकद त्याच्या रिलीफ व्हॉल्व्हवर (तेलाचा दाब मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेवर) ठरते. मागचं वजन ट्रॅक्टरला उभं ठेवतं, बकेटची क्षमता वाढवत नाही. पुढचा ॲक्सल लोडरसाठी मंजूर आहे का आणि किती किलोपर्यंत, हे लोडर बसवणाऱ्याकडून लेखी घ्या. ८२० किलोही काही पुढच्या ॲक्सलना जास्तच आहेत.

"टायरात पाणी भरा, काम तेच होतं"

काम तेच होत नाही. ८.३-२४ टायरात, वॉल्व्ह वर ठेवून त्याच्या पातळीपर्यंत, सुमारे ६५-७० लिटर पाणी मावतं. दोन्ही मिळून १३५ किलोच्या आसपास. हे वजन बरोबर मागच्या ॲक्सलखाली बसतं, त्याच्या मागे नाही. आपल्या हिशेबात मागचे १८० चे ३१५ होतील, पण पुढचे ९७० ते ९७०च राहतील. पुढच्या ॲक्सलचा एक किलोही कमी होणार नाही, आणि पुढचे ऑइल सील, बुश, किंगपिन (पुढचं चाक जिच्यावर वळतं ती पिन) याच भारानं जातात.

पाण्याचे फायदे वेगळे आहेत. ते खाली असतं, आडव्या उतारावर ट्रॅक्टर कलंडण्याला आडवं येतं, आणि ॲक्सलवर न लादता थेट जमिनीवर बसतं. म्हणून पाणी भरा, पण मागच्या वजनाच्या जोडीला. ट्यूबलेस टायर असेल तर रिम आतून गंजतं, तेव्हा ट्यूब टाकून घ्या.

आडव्या उताराचा विषय निघालाच आहे तर: या ट्रॅक्टरचा पुढचा ॲक्सल मधल्या पिनवर झुलतो. म्हणजे बाजूला कलंडण्याच्या दृष्टीने ट्रॅक्टर तीन बिंदूंवर उभा असतो, दोन मागची चाकं आणि ती पिन. बकेटमधला भार त्या निमुळत्या टोकाकडे जातो, मागचं वजन तो रुंद बाजूकडे ओढतं. पुढची चाकं कितीही लांब पसरलेली दिसली तरी सुरुवातीला त्यांचा आधार मिळत नाही. बकेट गुडघ्याच्या खाली ठेवूनच चालवायचं ते यासाठी.

"ड्रममधून आडवी सळई घाला, झाली पिन"

सगळ्या मेसेजमधलं हे सर्वांत धोक्याचं वाक्य. श्रेणी १ च्या (लहान ट्रॅक्टरच्या जोडणीच्या ठरलेल्या मापाच्या) खालच्या आर्मचा गोळा २२ मिमीच्या पिनसाठी असतो, वरची टॉप लिंक, म्हणजे अवजार फिरू न देणारी तिसरी दांडी, १९ मिमीच्या. बांधकामाची २० मिमी टीएमटी सळई त्या गोळ्यात खुळखुळते, तिच्या कडा गोळा खातात, आणि क्लिपसाठी भोक पाडलं की ती तिथंच कमजोर होते. शिवाय टॉप लिंकचं काय? मेसेजमध्ये तिचा उल्लेखच नाही. नुसत्या दोन आर्मवर टांगलेला ड्रम सळईभोवती गरागरा फिरतो आणि पीटीओच्या (अवजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टच्या) टोकावर येऊन आदळतो.

काँक्रीट दाबाला मजबूत, ताणाला कच्चं. टॉप लिंक ओढते तो ताणच असतो. २५० किलोचा मध्य पिनांच्या २० सेंमी मागे आणि वरची पिन ४६ सेंमी उंच असेल, तर उभ्या ट्रॅक्टरला टॉप लिंकवर सुमारे ११० किलोचा ओढा असतो. खड्ड्यात आपटलं की तो दुप्पट-तिप्पट होतो. म्हणून सांगाडा असा बनवायचा की काँक्रीट पूर्ण तडकलं तरी खाली पडू नये.

फॅब्रिकेटरला सांगायचं ते असं. खाली ७५×४० मिमीचं आडवं चॅनेल, पेटीच्या तळापासून ८ सेंमी वर. त्याच्या दोन टोकांना १२ मिमीच्या प्लेटी आणि त्यांना नटाने कसायच्या २२ मिमीच्या बाजारात मिळणाऱ्या तयार पिना. श्रेणी १ ला दोन पिनांच्या खांद्यांमधलं अंतर ६८३ मिमी, अरुंद १-एन ला ४०० मिमी. मिनी ट्रॅक्टरवर दोन्ही आढळतात, म्हणून आधी आपल्या रोटाव्हेटरवर मोजा. अंतर ४०० असेल तर पिना पेटीच्या पुढे काढाव्या लागतील, नाहीतर आर्म पेटीला घासतात. चॅनेलच्या मधोमध दोन ५०×१० च्या उभ्या पट्ट्या, त्यांच्यात टॉप लिंक मावेल एवढी, साधारण ५० मिमीची फट, आणि खालच्या पिनांपासून ४६० मिमी उंचीवर १९ मिमी पिनचं भोक. चॅनेलपासून मागे जाणारे दोन ५०×५०×६ चे अँगल, ज्यांच्यावर काँक्रीट बसेल. पट्ट्यांच्या वरच्या टोकापासून या अँगलच्या मागच्या टोकाला तिरका आधार. आत १२ मिमी सळईच्या चार काड्या आणि ८ मिमीच्या रिंगा, सांगाड्याला वेल्ड केलेल्या. सगळं मिळून २५-३० किलो लोखंड.

काँक्रीट ओतण्याआधी हा रिकामा सांगाडा ट्रॅक्टरला लावून पूर्ण वर-खाली करून बघा. पीटीओ, टायर, ड्रॉबार, मागचे दिवे यांना कुठे लागतं का. नंतर कळलं तर छिन्नी-हातोडा.

ड्रमऐवजी प्लायची पेटी घ्या: आतून ६० सेंमी रुंद, ४० सेंमी जाड, ३८ सेंमी उंच. यात ९१ लिटर मावतात, म्हणजे २१९ किलो, अधिक लोखंड. ड्रमच वापरायचा हट्ट असेल तर तो साधारण ३६ सेंमी उंचीपर्यंतच भरा.

"दुसऱ्या दिवशी अडकवा"

१ : १.५ : ३ प्रमाणाने या पेटीला सिमेंट पाऊण पोतं (३७-३८ किलो), वाळू ३९ लिटर, २० मिमीची खडी ७७ लिटर, पाणी १८-१९ लिटर. २० लिटरच्या बादलीने वाळू दोन, खडी चारला थोडी कमी. पाणी सैल हाताने ओतलं तर खडी खाली बसते, वर कमकुवत साय येते. तीन थरांत भरा आणि प्रत्येक थर सळईने कोपऱ्यांपर्यंत ठोसा. अँगलच्या खाली पोकळी राहते ती हमखास इथंच.

आजकाल पोतं बहुधा पीपीसीचं (राख मिसळलेल्या सिमेंटचं) असतं. त्याला निदान १० दिवस ओलं गोणपाट लागतं. पेटी २-३ दिवसांनी सोडवा, वजन उचलायला २१ दिवसांच्या आत हात लावू नका, २८ झाले तर उत्तम. दुसऱ्या दिवशीचं काँक्रीट दिसायला दगड असतं, पण पिनेजवळ पहिल्याच हिसक्यात सुटतं. ती चीर बाहेरून दिसत नाही, पावसाळ्यात पाणी पितं तेव्हा दिसते.

"भंगार टाकलं की वजन दुप्पट"

लोखंड काँक्रीटच्या सव्वातीनपट जड, एवढंच यात खरं. ५० किलो भंगार ६.४ लिटर जागा घेतं, तेवढ्या जागेतलं १५ किलो काँक्रीट बाहेर राहतं, निव्वळ वाढ ३५ किलो. वजन दुप्पट करायला पेटीचा ४४ टक्के भाग भरीव लोखंड हवा, म्हणजे ९१ लिटरच्या पेटीत ३०० किलोच्या वर. तेवढं सरळ लोखंडच असेल तर काँक्रीट कशाला? थोडं भंगार टाकायला हरकत नाही. तेलकट गिअर, ग्रीसचे बेअरिंग, बंद तोंडाचे पाइप मात्र नकोत.

मेसेजमध्ये नसलेलं

ड्राफ्ट कंट्रोलचा (ओढ्यानुसार लिफ्ट हलवणारा) लिव्हर बंद स्थितीत, फक्त पोझिशन कंट्रोलवर (ठरवलेली उंची धरून ठेवणाऱ्या) चालवा. नाहीतर टॉप लिंकवरचा ओढा बदलला की लिफ्ट आपोआप खालीवर होते. आर्मच्या बाजूच्या साखळ्या (चेक चेन) ताणून ठेवा, वजन डुलायला नको. चालताना ते जमिनीपासून २०-३० सेंमीवर, थांबल्यावर खाली टेकवलेलं. रोटाव्हेटर आधीच मागे असेल आणि त्याचं वजन पुरेसं असेल तर वेगळ्या पेटीची गरज नाही, फक्त तो पेटीपेक्षा रुंद असतो, बागेच्या वळणावर तारा-खांबांना लागतो.

काढताना क्रम उलटा करू नका. आधी बकेट रिकामी करून जमिनीवर, मग मागचं वजन दोन लाकडी ओंडक्यांवर टेकवून टॉप लिंक आणि आर्म सोडायचे, लोडर त्यानंतर. आधी लोडर निघाला आणि २५० किलो मागेच राहिले, तर आपल्या नमुन्याच्या ट्रॅक्टरवर पुढे १३० किलो उरतात, लागतात १४०.