"पाणी फुटेपर्यंत थांबा" हे आठव्या महिन्यातल्या बाईला सांगू नका

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय, मला तीन वेगवेगळ्या ग्रुपवर आला. म्हणणं थोडक्यात असं की नववा लागायच्या आत येणाऱ्या कळा खोट्याच असतात, खऱ्या कळा कुणी सांगाव्या लागत नाहीत, पाणमोट फुटल्याशिवाय हॉस्पिटलला पळू नका, बाळाची हालचाल कमी झाली तर घाबरू नका ते बाहेर यायची तयारी करतंय, लवकर गेलात तर नुसती इंजेक्शनं टोचतात कारण लागलेल्या कळा थांबतच नाहीत, आणि शेवटी ते नेहमीचं, सातव्यातलं बाळ वाचतं आठव्यातलं नाही. पाठवणाऱ्या बायका काळजीपोटीच पाठवतायत हे कळतं मला, पण आठव्या महिन्यातली एखादी हे वाचून रात्रभर घरी थांबली तर काय होऊ शकतं ते मला माहितीये, म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी खोट्या कळा. त्या असतात, अगदी नक्की असतात, ब्रॅक्स्टन हिक्स नावाच्या इंग्लिश डॉक्टरने १८७२ मध्ये त्यांच्याबद्दल लिहिलं म्हणून त्याचंच नाव पडलंय. पोट मध्येच दगडासारखं कडक होतं, मग सैल पडतं, कूस बदलली किंवा पाणी पिऊन जरा पडलं की बहुतेक वेळा थांबतं, आणि त्यांना ठरावीक अंतर नसतं. पण म्हणून ३७ आठवड्यांआधीची प्रत्येक कळ खोटी हे कुठून काढलं? २०२० या एका वर्षात जगात साधारण १ कोटी ३४ लाख बाळं ३७ आठवडे भरायच्या आत जन्मली, म्हणजे दहातलं एक. त्यातली काही डॉक्टरांनी कारण होतं म्हणून लवकर काढलेली असतात, पण बरीचशी आपोआप कळा लागून नाहीतर पाणी जाऊनच आलेली.

"खऱ्या कळा कळतातच" याच्यावर मी सगळ्यात जास्त बोलू शकते, कारण मला कळल्या नव्हत्या. ३३वा आठवडा चालू होता, पोटात कळ अशी आलीच नाही, कंबर भरून यायची आणि सोडायची, ओटीपोट पाळीच्या दिवसांत असतं तसं जड, खाली दाब आल्यासारखं, दोनदा जुलाब पण झाले. मी म्हटलं गॅस असेल, सासूबाई पण तेच म्हणाल्या. माझ्या जावेने पोटावर हात ठेवून घड्याळ बघितलं तेव्हा दिसलं की दर आठ-नऊ मिनिटांनी पोट कडक होतंय, आणि ते दुखत नव्हतं हो, म्हणून तर लक्षात येत नव्हतं! वेळेआधीच्या कळा खूपदा अशाच असतात. दर दहा मिनिटांनी किंवा त्याहून लवकर पोट आवळणं, येऊन-जाऊन किंवा सतत कंबर दुखणं, खाली दाब, अंगावरून पाण्यासारखं किंवा चिकट लालसर जाणं, यातलं एक जरी ३७ आठवड्यांच्या आत असलं तरी फोन करायचा, सगळी लक्षणं जुळायची वाट बघायची नाही.

पाण्याचं सांगते. दिवस भरलेल्या बायकांमध्येसुद्धा कळांच्या आधी पाणी जातं ते शंभरात आठ-दहा जणींचंच, बाकीच्यांचं कळा सुरू झाल्यावर, कधी तर अगदी शेवटी. मग पाण्याची वाट बघणं म्हणजे काय तर बाळंतपण अर्धं होऊ देणं. शिवाय पाणी दरवेळी धो धो जात नाही, थेंब थेंब ओलं होत राहतं आणि लघवी सुटली असं वाटतं. पॅड लावून बघा, परत ओला झाला तर लगेच निघा, हिरवट किंवा लाल असेल तर मग बघतच बसू नका.

बाळ शांत होतं हे तर साफ चूक. शेवटच्या आठवड्यांत हालचालीची तऱ्हा जरा बदलू शकते पण ती कमी होत नाही, कळा चालू असतानाही बाळ हलतं. कमी वाटली तर त्याच वेळी दाखवायचं, सकाळी बघू असं नाही.

आता इंजेक्शनं. अर्धं खरं आहे की कळा आठवडेच्या आठवडे थांबवता येत नाहीत. पण निफेडिपिनसारख्या औषधाने पुष्कळदा दोन दिवस मिळतात आणि ते दोन दिवसच हवे असतात, कारण तेवढ्यात आईला स्टिरॉइडची इंजेक्शनं देऊन बाळाची फुप्फुसं तयार करता येतात. न्यूझीलंडचे डॉक्टर लिगिन्स मेंढ्यांवर काम करत होते, त्यांना दिसलं की स्टिरॉइड मिळालेलं, इतक्या लवकर जन्मलेलं की श्वासच घेता येऊ नये असं कोकरू श्वास घेतंय, आणि मग हॉवी यांच्याबरोबर त्यांनी गरोदर बायकांवर केलेला अभ्यास १९७२ मध्ये छापून आला. बीटामेथासोन नावाचं स्टिरॉइड असेल तर दोन डोस, मध्ये २४ तास. ३२ आठवड्यांच्या आत असेल तर बाळाच्या मेंदूसाठी मॅग्नेशियम पण देतात, आणि बाळ पोटात असतानाच आईला नवजात बाळांचा आयसीयू असलेल्या ठिकाणी हलवता येतं. मला पहिला डोस रात्री अकराला मिळाला, दुसरा दुसऱ्या रात्री, आणि लेक त्याच्या पुढच्या दुपारी आली, आपली आपण रडत. गॅस समजून सकाळपर्यंत झोपले असते तर दुसऱ्या डोसचं नक्की नव्हतं.

आणि गेल्यावर ठेवूनच घेतात असंही नाही, सोनोग्राफीत पिशवीच्या तोंडाची लांबी बघतात, कळा मोजतात, पुष्कळ जणींना घरी पाठवतात, कितीतरी जणी पुढे दिवस भरूनच बाळंत होतात. फुकट फेरी झाली म्हणून कुणी रागावत नाही, आणि रागावलं तर रागावू दे.

सातव्या-आठव्याचं मत ग्रीक वैद्यांच्या काळापासून चालत आलंय आणि तितकंच जुनं चुकीचं आहे. फुप्फुसं आठवड्यागणिक तयार होत जातात, ३४ आठवड्यांचं बाळ ३० वाल्यापेक्षा जास्त सुरक्षित, कायम.

एक मात्र मानते, घरी थांबायचा सल्ला मुळात खोटा नाहीये, तो दिवस भरलेल्या बाईचा आहे. ३७ आठवडे झालेत, पहिलटकरीण आहे, काही गुंतागुंत नाही, पाणी किंवा रक्त गेलेलं नाही, बाळ नीट हलतंय, तर कळा पाच-पाच मिनिटांनी येऊन मिनिटभर टिकेपर्यंत घरी राहिलं तर चालतं, डॉक्टरच तसं सांगतात. कुणीतरी तोच सल्ला आठव्या महिन्याला चिकटवून दिला. तेव्हा मेसेज पुढे पाठवलाच असेल तर त्याच्याखाली एवढं तरी टाका, फोनवर काय सांगायचं ते: कितवा आठवडा, कधीपासून, किती मिनिटांनी, पाणी किंवा रक्त जातंय का, बाळ हलतंय का, आणि आधीचं कुठलं बाळंतपण लवकर झालं होतं का.