सरासरी काढायची म्हणजे बेरीज करून भागायचं नसतं हो!

जून उजाडला की नौपाड्यापासून वाशीपर्यंत फॉर्म भरून देणाऱ्या दुकानांत तोच घोळ. मार्कशीट समोर धरायची, सगळ्या ग्रेड पॉइंटची बेरीज करायची, विषयांच्या संख्येने भागायचं आणि ठोकून द्यायचं सीजीपीए, म्हणजे सगळ्या सेमिस्टरची मिळून ग्रेड पॉइंटची सरासरी, म्हणून! अहो, मधला क्रेडिटचा, म्हणजे विषयाच्या वजनाचा, कॉलम काय शोभेला छापलाय?

4 क्रेडिटच्या थिअरीत 6 पॉइंट आणि 1 क्रेडिटच्या प्रॅक्टिकलला 10. तुमच्या हिशोबाने सरासरी 8. खरी किती? 24 अधिक 10, भागिले 5, म्हणजे 6.8. प्रॅक्टिकलच्या 10 पॉइंटवाल्या ‘ओ’ ग्रेडवर कुणी तरत नाही.

सेमिस्टरचंही तेच. एका सेमिस्टरच्या 20 क्रेडिटला सरासरी 9, पुढच्याच्या 24 क्रेडिटला 7, तर उत्तर 8 नाही, 7.91. आधी प्रत्येक सेमिस्टरचे पॉइंट गुणिले क्रेडिट, मगच बेरीज, आणि तिला एकूण क्रेडिटने भागायचं. नापास विषयाचे पॉइंट शून्य, पण क्रेडिट छेदात धरायचे असतात. ते हळूच गाळणारे महाभागही आहेतच.

आणि सीजीपीएवरून टक्केवारी! कुणी 10 ने गुणतं, कुणी दहावीच्या सीबीएसईचा जुना 9.5 कॉलेजच्या पदवीला चिकटवतं. 7.91 चे एकीकडे 79.1, दुसरीकडे 75.15. कटऑफ 77 असेल तर पोरगं आत की बाहेर, हे गुणणाऱ्याच्या लहरीवर! ज्या विद्यापीठाची मार्कशीट, त्याचंच सूत्र वापरा. बहुतेकदा ते पाठीमागे छापलेलं असतं. पण उलटतंय कोण?