घर कुणासाठी बांधतो आपण?

नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या नऊ रणरणत्या दिवसांत, नागपूरचे रस्ते दुपारी ओस पडतात, पण टिनाच्या शेडमध्ये राहणाऱ्याला घरातही सुटका नसते. म्हणूनच त्सुनामीनंतर कार निकोबार बेटावर जे झालं, ते मला फार लागतं.

तिथलं जुनं घर मधमाश्यांच्या पोळ्यासारखं गोल, गवताने शाकारलेलं, माणसाला खालून सहज चालता येईल एवढ्या उंच खांबांवर उभं. खिळा नाही, सगळे जोड वेताने बांधलेले. शिडी चढून तळातल्या दारातून आत जायचं. तळाच्या पट्ट्यांमधल्या फटींतून वारा वर येतो आणि गवताचं जाड छप्पर ऊन अडवतं. घराखालच्या सावलीत बसणं-उठणं, कामं, गप्पा. शिवाय असं हलकं, लवचीक घर भूकंपाचे हादरे सोसतं.

२६ डिसेंबर २००४ च्या लाटेने किनाऱ्यावरची गावंच नेली. तिच्यापुढे सिमेंटची बांधकामंही टिकली नाहीत, त्यामुळे दोष जुन्या घरांचा म्हणताच येत नाही. पण आधी मिळाले टिनाचे निवारे, तेही त्या दमट बेटावर! पुढे कायमची घरं आली, त्यांचं सामान मुख्य भूमीवरून जहाजाने आणलेलं. आणि वाटप झालं नवरा-बायको-मुलं असं धरून. निकोबारी माणूस जगतो 'तुहेत'मध्ये, म्हणजे मोठ्या एकत्र कुटुंबात. जमीन, नारळाची झाडं, डुकरं सगळं तुहेतचं. मला सगळ्यात मोठं नुकसान हे वाटतं. छप्पर बदलता येतं, पण वेगळ्या चुली मांडल्या की माणसं पुन्हा एकत्र येणं अवघड.

गवत पुन्हा पुन्हा शाकारावं लागतं, मेहनत असते. कुणाला पत्रा किंवा स्लॅब हवा असेल तर तो त्याचा हक्क आहे. फक्त निवड त्याची असावी.

निकोबारचं घर इथे चालणार नाही, हेही खरं. तिथे दमट हवा, म्हणून वारा खेळता हवा. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरचा वाराच भाजतो, म्हणून नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यांना जाड भिंती आणि मधे चौक. विदर्भातल्या खेड्यांतही मातीची भिंत आणि वर कवेलू, म्हणजे मातीची कौलं, होते. आता घरकुल म्हटलं की बारीक भिंती आणि वर उघडा स्लॅब किंवा टिन. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर उष्णता सोडतो आणि कूलर घ्यायची ऐपत नसलेलं कुटुंब अंगणात झोपतं.

घरकुल मंजूर करताना निदान जाड भिंत, कवेलूचं छप्पर, पुढे पडवी असे पर्याय लोकांपुढे ठेवा आणि कवेलू मागणाऱ्याचा हप्ता अडवू नका. गावात कवेलू चढवणारे जुने हात अजून आहेत, त्यांनाही काम मिळेल.